नऊ दिवस बटाट्यांत

पाद्री आमच्या बेटावर वर्षातून एकदा येतो,
फेब्रुवारीत, समुद्राची मर्जी असली तर.
बाकीचे दिवस बेलिसारियोच घंटा वाजवतो,
मेलेल्यांना पुरतो, जन्मलेल्यांच्या डोक्यावर पाणी घालतो,
आणि चुकीच्या सुरात का होईना, गाणं उचलून देतो.

त्या वर्षी समुद्राने कड्याचा आणखी एक घास घेतला.
देवळाच्या उंबऱ्यापासून पाणी अकरा पावलांवर.
मी मोजली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची,
म्हणजे पावलंही तेवढीच.

ठरलं, देऊळ ओढून टेकडीवर न्यायचं.
चिलोएत आम्ही घरं अशीच हलवतो:
खाली ओंडके, पुढे बैल, दोराला सगळं गाव,
आणि ज्याचं घर त्याने जेवण घालायचं.
"पण हे घर कुणाचं?" उबाल्दोने हवेतच विचारलं.
"जेवण कोण घालणार?"
बेलिसारियो गप्प.
सख्खे भाऊ. बांधावरून सात वर्षं अबोला.

संत आणि मेणबत्त्या एदेल्मिराच्या स्वयंपाकघरात गेल्या,
धुरी दिलेल्या शिंपल्यांच्या माळांखाली.
मरीयेच्या निळ्या झग्याला अजून तो वास येतो.

चौदा बैलजोड्या.
देऊळ आधी कण्हलं, मग हललं,
अंगभर लाकडी खवले घेऊन,
म्हाताऱ्या माशाने जमिनीवर चालायला शिकावं तसं.
निम्म्या वाटेवर दोर तुटला.
देऊळ कलंडलं आणि रुतून बसलं
नेमकं क्लोरिंदाच्या बटाट्यांत.

क्लोरिंदा,
नेस्तोर बुडाल्यापासून चार वर्षं
जिने देवळाची पायरी चढली नव्हती.
खरं सांगायचं तर वाटेत दिसली की आम्ही वळायचो.
काय बोलावं, कुणाला सुचायचं नाही,
आणि न सुचणं सोयीचंही होतं.

ती दारात आली, ओले हात तसेच.
"सात ओळी गेल्या," म्हणाली. "कोण भरून देणार?"
सगळं गाव चिखलाकडे बघत राहिलं.
"चार माझ्याकडे," बेलिसारियो म्हणाला.
"तीन माझ्याकडे,"
उबाल्दो, भावाकडे न बघता,
पण त्याच्या पाठोपाठ.

मग रविवार आला.
आतली जमीन इतकी तिरकी
की बाक एकाच कोपऱ्यात जमलेले, भांडण ऐकायला आल्यासारखे.
म्हणून आम्ही बाहेर बसलो, पोत्यांवर, जोखडांवर.
पैलतीरावरचा बैलवाला एर्मोहेनेससुद्धा,
ज्याचा कशावरच विश्वास नाही,
टोपी अर्धी काढून.
क्लोरिंदा आली नाही.
दारात बसून चिरडलेले बटाटे सोलत राहिली.
पातेलं मोठं होतं,
एकटीला लागेल त्याहून खूप मोठं.
प्रार्थना थांबली की सुरी ऐकू यायची,
सुरी थांबली की प्रार्थना.
मधे बारा हात जागा.
दोन बाकांमध्ये असते तेवढीच, असं मला वाटलं.

नवव्या दिवशी तिने नेस्तोरच्या होडीवरची ताडपत्री ओढली.
"कणा काढा. लाकूड चांगलं आहे."
कुणी नको म्हटलं नाही. आभारही कुणाला मानता आले नाहीत.
त्या कण्यावरून देऊळ सरकलं,
दिवेलागणीला टेकडीवर पोचलं.

फेब्रुवारीत पाद्रीने नोंदवही उघडली.
हे नऊ दिवस कोरे कसे? चर्च होतं कुठे?
बेलिसारियोने बराच वेळ हातातली टोपी फिरवली.
"बटाट्यांत होतं, फादर," म्हणाला.
आणि मग, काहीतरी राहिल्यासारखं,
"इमारतही तिथेच होती."

भाकर वाटताना पाद्री तिसऱ्या तळहातापाशी थबकला.
दोराचा तोच तिरका वळ, पहिल्यावर होता तो, दुसऱ्यावर होता तो.
पुढे काही न बोलता वाटत राहिला.

क्लोरिंदा त्या दिवशी मागच्या बाकावर होती,
असं माझी बहीण म्हणते. मला आठवतं, नव्हती.
पण वसंतात तिच्या शेतात
सात ओळी लावायला आम्ही सगळे वाकलो होतो,
आणि उबाल्दोने भावाला म्हटलं, "जरा सरक,"
हे दोघींनाही आठवतं.